‘आमच्यासारखं बोल!’

बंगळूरच्या चिकपेटेत साडी घ्यायला गेलेल्या माणसाचं लक्ष साडीवर असतं. पण जरा कान दिला, तर तिथे साडीइतकीच रंगीत दुसरी एक गोष्ट सापडते. गादीवर बसलेले दुकानदार समोरच्या बाईंशी कन्नडमध्ये बोलत असतात. सेलमचं कुटुंब आत शिरलं की तमिळ सुरू होतं, अनंतपूरचं आलं की तेलुगू. शेजारच्या मारवाडी व्यापाऱ्याशी हिंदी. एवढ्यात घरून फोन येतो आणि तेच गृहस्थ ‘अगं हो, निघतोच आहे, पानं घे’ असं मराठीत सांगून मोकळे होतात!

१५३७ साली केंपेगौडांनी वसवलेल्या या पेठेत मराठी काही काल-परवा आलेली नाही. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हापासून इथे मराठीचा राबता आहे. भावसार, नामदेव शिंपी अशा समाजांतल्या कित्येक घरांत स्वयंपाकघरात मराठी आणि दुकानात कन्नड, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. याच शहरातल्या एका मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड नावाचा बस कंडक्टर पुढे तमिळ पडद्यावरचा रजनीकांत झाला. तमिळ शिकण्यासाठी त्याची घरची भाषा कुणी काढून घेतली नाही.

आता कान झाकून नुसतं पाहा. रस्त्यावर एवढा गलका, की समोरच्या दुकानाशी बोलायचं तर आवाज पोचत नाही. मग हात पुढे येतात. कॉफीवाल्या पोऱ्याला दोन बोटं दाखवली की ‘बाय टू’ येते. मनगट फिरवून ‘काय झालं?’ असं विचारलं जातं, तळहात आडवा हलवून ‘माल नाही’ असं कळवलं जातं. गुरांच्या बाजारात आणि आंब्याच्या लिलावात तर रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून हजारो रुपयांचे सौदे ठरवायची जुनी रीत आहे. बाजाराला हातांच्या बोलण्याचं कधी वावडं नव्हतं.

वाचकहो, हे सगळं सांगण्याचं कारण असं, की हेच हात एखाद्या बधिर मुलाने वर्गात हलवले, तर गेली शंभर-सव्वाशे वर्षं त्याला जगभर एकच वाक्य ऐकवलं गेलं. ऐकवलं म्हणण्यापेक्षा, त्याला ते ओठांवरून वाचायला लावलं गेलं: ‘हात खाली! आमच्यासारखं बोल!’

कथा-नाटकांत उपऱ्या माणसाची, चारचौघांसारखा नसलेल्या प्राण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा येते. ती वाचताना आपले डोळे ओले होतात, कारण त्या उपऱ्याची बाजू आपल्याला कळते. पुस्तक मिटल्यावर मात्र तीच बाजू आपल्या घरातल्या, शेजारच्या बधिर मुलाला लागू पडते, हे ध्यानात येत नाही. आज अशाच तीन ओळखीच्या गोष्टी घेऊन बसू या.

घोड्याचं तोंड आणि पूर्णत्वाचा हट्ट

पहिली गोष्ट कर्नाटकातलीच. गिरीश कार्नाड यांचा जन्म १९३८ साली आपल्या माथेरानचा. घरची भाषा कोकणी, नाटकं लिहिली कन्नडमध्ये आणि उत्तरायुष्य काढलं बंगळूरला. त्यांचं ‘हयवदन’ हे नाटक मराठीत चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं आणि विजया मेहता यांनी रंगभूमीवर उभं केलं. देवदत्त आणि कपिल यांच्या डोक्यांच्या अदलाबदलीची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात असते. पण नाटकाला ज्याचं नाव दिलं आहे तो हयवदन मात्र विसरला जातो. शरीर माणसाचं आणि तोंड घोड्याचं असलेला हा बिचारा जीव सगळीकडे एकच मागणं मागत हिंडतो: मला पूर्ण करा.

काली त्याच्यावर प्रसन्न होते. पण ती पेंगुळलेली, तिला घाई. त्याचं मागणं पुरतं ऐकून न घेताच ती वर देऊन टाकते आणि हयवदन पूर्ण होतो, म्हणजे पूर्ण घोडा होतो! गळ्यात तेवढा माणसाचा आवाज शिल्लक राहतो आणि आता तो आवाजच त्याला नकोसा होतो.

‘पूर्ण’ म्हणजे काय, हे ठरवणारा वेगळाच कुणीतरी असतो आणि ज्याला पूर्ण करायचं त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला कुणाला सवड नसते, हे कार्नाडांनी हसत हसत सांगितलं. आपल्याकडे बधिर माणसाला ‘मूकबधिर’ म्हणण्याची रीत होती. पुष्कळ बधिर माणसांना यातला ‘मूक’ हा शब्द खटकतो आणि त्यांचं म्हणणं साधं आहे. ऐकू येत नाही हे खरं, पण आम्ही मुके कुठे आहोत? आम्ही दिवसभर बोलतो. तुम्हाला आमचं बोलणं कळत नाही, एवढंच.

त्या नाटकात आणखी एक लहानशी गोष्ट आहे. पद्मिनीचा मुलगा. तो बोलत नाही, हसत नाही, नुसत्या बाहुल्या कवटाळून बसतो. या मुलाला हसू फुटतं ते माणसासारखं बोलणारा घोडा समोर येतो तेव्हा. आपल्यासारखंच कुणीतरी चारचौघांवेगळं भेटलं आणि पोर खुललं. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

फुलराणी आणि टेलिफोनवाले बेल

दुसरी गोष्ट तर आपल्या घरचीच. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळेने महाराष्ट्राला वेड लावलं. फुलं विकणाऱ्या पोरीला उच्चार शिकवून ‘शुद्ध’ बोलणारी करून दाखवतो, अशी पैज लावणारा प्रोफेसर आणि त्याला पुरून उरणारी मंजू. आपण टाळ्या दिल्या त्या मंजूला.

हे नाटक पुलंनी बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून बेतलं. ते मूळ नाटक पहिल्यांदा १९१३ साली रंगमंचावर आलं. त्यातला प्रोफेसर हिगिन्स त्या मुलीचे उच्चार टिपून घेण्यासाठी ज्या लिपीचं नाव घेतो, ती आहे बेल यांची ‘व्हिजिबल स्पीच’, म्हणजे डोळ्यांना दिसणारी वाणी. हे बेल म्हणजे अलेक्झांडर मेलव्हिल बेल. कुठला ध्वनी काढताना जीभ, ओठ, घसा कुठे असतात, हे चिन्हांनी दाखवणारी लिपी त्यांनी १८६७ साली प्रसिद्ध केली. आणि त्यांचा मुलगा? टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल!

टेलिफोनचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ग्रॅहॅम बेल यांचा खरा पेशा बधिर मुलांना बोलायला शिकवण्याचा. वडिलांची लिपी त्यांनी या मुलांसाठी वापरली. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येई. पत्नी मेबल लहानपणी तापाने बधिर झालेली, तीही आधी त्यांची विद्यार्थिनी होती. तेव्हा या माणसाच्या मनात बधिरांविषयी आकस होता, असं कुणी म्हणू नये. जीव होता, आणि त्या जीवापोटीच त्यांना वाटे, की बधिरांनी ऐकणाऱ्यांत इतकं मिसळून जावं की ते वेगळे दिसूच नयेत. खुणांची भाषा सुटावी, बधिर मुलांच्या वेगळ्या शाळा नसाव्यात. १८८३ साली त्यांनी विद्वानांपुढे एक निबंध वाचला. बधिर माणसं एकमेकांशीच लग्नं करतात, त्यातून माणसांची एक बधिर जातच तयार होईल, अशी भीती त्यांनी त्यात मांडली.

म्हणजे, ज्या लिपीने रंगमंचावरच्या फुलराणीचे उच्चार घासायचे, तीच लिपी घेऊन खऱ्याखुऱ्या बधिर मुलांचे उच्चार घासले जात होते. नाटकात आपण मंजूच्या बाजूने होतो. शाळेत मात्र आपण सगळे प्रोफेसरच्या बाजूने उभे राहिलो.

मिलानचा ठराव

हे एकट्या बेल यांचं काम नव्हे. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते आणि त्यांत स्वतः बधिर असलेला माणूस होता एक. तिथे ठराव झाला, की मुलांना तोंडी भाषेतूनच शिकवावं, खुणांपेक्षा वाणी श्रेष्ठ. पुढे युरोप-अमेरिकेत शाळाशाळांतून खुणा हद्दपार झाल्या. बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांना हातांवर बसायला लावणं, हात बांधणं, बोटांवर पट्टी मारणं, हे सारं त्यांच्या भल्यासाठी म्हणून झालं.

आपल्याकडे बधिर मुलांची पहिली शाळा मुंबईत माझगावला निघाली ती १८८५ साली, म्हणजे मिलाननंतर पाचच वर्षांनी. पुढची शंभर वर्षं आपल्या बहुतेक शाळांनी तोंडी पद्धतच धरली. आरशासमोर बसून ओठांच्या हालचाली गिरवायच्या, बाईंच्या गळ्याला हात लावून आवाजाची थरथर जाणून घ्यायची, तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणताना ती हलते का पाहायचं. यामागे शिक्षिकांचे अपार कष्ट होते, ते नाकारून चालणार नाही. या पद्धतीने चांगलं बोलायला शिकलेली माणसंही आहेत, विशेषतः ज्यांना थोडं ऐकू येई ती.

पण ओठ वाचणं म्हणजे काय, याचा अनुभव घरच्या घरी घ्या. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा: पान, बाण, मान. तिन्ही शब्दांना ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. आता समोरचा माणूस मिशीवाला आहे, भरभर बोलतो आहे, मध्येच मान वळवतो आहे, अशी कल्पना करा. ‘क’ आणि ‘ग’ तर घशातच राहतात, ओठांवर उमटतच नाहीत. २०२० साली करोनाच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा ओठांवर विसंबलेल्यांचं जग एका दिवसात बंद झालं.

शिवाय वेळ. इतर मुलं ‘पाऊस का पडतो?’ असं विचारत असतात, त्या वयात हे मूल ‘पा’ नीट म्हणायला शिकत असतं. पावसाबद्दल त्याच्याशी बोलायचं कुणी आणि कशातून? ज्याला उच्चार जमले नाहीत त्याला ‘मंद’ म्हणून मागे बसवलं गेलं. त्याच्यापाशी बुद्धी होती, तिला भाषा मिळाली नव्हती.

आणि ज्याला उच्चार जमले, त्याचं काय? इथे पुन्हा फुलराणी आठवते. पैज जिंकल्यावर तिला प्रश्न पडतो, की आता मी कुठली? बाजारात परत जाता येत नाही आणि बड्यांच्या दिवाणखान्यातही तिची जागा नाही. घरच्यांत बसून हसू आलं नसताना हसणारे, ‘काय झालं?’ असं विचारल्यावर ‘काही नाही, नंतर सांगते’ एवढंच उत्तर मिळालेले कितीतरी बधिर मुलगे-मुली हा प्रश्न घेऊन मोठे झाले. लग्नघरात चाळीस माणसं असतात आणि त्यांतलं एक मूल कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेलं असतं. ‘तो तसाच आहे, शांत,’ असं आपण कौतुकाने सांगतो.

वसतिगृहातली भाषा

गंमत म्हणजे, वर्गात हात खाली ठेवणारी मुलं मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात काय करत? हातांनी बोलत! मोठी मुलं धाकट्यांना शिकवत, ती त्यांच्यानंतरच्यांना. शिक्षकांच्या मते तो सगळा माकडचाळा होता. ‘भारतात खुणांची भाषा अशी नाहीच’, हे तेव्हा ठामपणे सांगितलं जाई.

ते खोटं ठरवणाऱ्यांत एक नाव आहे मदन वसिष्ठ यांचं. हिमाचलातल्या खेड्यात वाढलेले वसिष्ठ लहानपणीच बधिर झाले. तरुणपणी छायाचित्रण शिकायला दिल्लीला गेले आणि तिथे त्यांना त्यांच्यासारखी माणसं आणि त्यांची भाषा भेटली. पुढे ते अमेरिकेत शिकले. ‘डेफ इन डेल्ही’ हे त्यांचं आत्मकथन २००६ साली आलं. अँडरसनच्या कुरूप बदकपिल्लाला दुसरे राजहंस दिसतात आणि त्याला आपण कोण ते कळतं, तसाच हा प्रसंग. त्या पिल्लाला चांगलं बदक बनवायचे सगळे प्रयत्न फुकट गेले होते, कारण ते बदक नव्हतंच.

वसिष्ठ आणि त्यांचे अमेरिकी सहकारी जेम्स वुडवर्ड यांनी १९७७ च्या सुमाराला दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर या चार शहरांतल्या बधिरांच्या खुणा गोळा केल्या. त्यांचे कोश नंतरच्या दहा वर्षांत निघाले, त्यांत बंगळूरचाही एक आहे. चारही शहरांत शब्द थोडेफार निराळे, पण पाऊणहिस्सा मिळतेजुळते. ज्या भाषेला शाळेत प्रवेश नव्हता ती देशभर पसरलेली होती!

तिला व्याकरणही आहे. तिच्यात प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. ‘तुझं नाव काय?’ हे आपल्यासारखंच, पण ‘तू कुठे जातोस?’ याचं होतं ‘तू जातोस कुठे?’ भुवया, डोळे, मान यांचंही त्यात काम असतं. हात तोच, पण भुवया उंचावल्या की प्रश्न होतो. अमेरिकेतल्या बधिरांची खुणांची भाषा ही खरीखुरी भाषा आहे, हे विल्यम स्टोको या इंग्रजीच्या प्राध्यापकाने १९६० साली दाखवून दिलं, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्यांना हसण्यावारी नेलं होतं.

आंधळ्यांचं गाव आणि अलीपूर

तिसरी गोष्ट एच. जी. वेल्स यांची, १९०४ सालची. डोंगरात हरवलेल्या एका दरीत सगळेच आंधळे. पिढ्यान्‌पिढ्या. तिथे नुनेझ नावाचा डोळस माणूस घसरून पडतो. त्याला वाटतं, वासरांत लंगडी गाय शहाणी, मी इथला राजा होणार. पण तिथली घरं, वाटा, कामाच्या वेळा, सगळं न बघणाऱ्यांच्या सोयीचं. रात्री काम आणि दिवसा झोप. तिथे हाच अडखळतो, हाच मूर्ख ठरतो. ‘दिसणं’ म्हणून तो जे काही सांगतो, ती त्यांना वेडाची बडबड वाटते. अखेर तिथला वैद्य निदान करतो, की कपाळाखाली या दोन विचित्र गोळ्या आहेत ना, त्यांनी याचं डोकं बिघडवलं आहे. त्या काढून टाकल्या की हा आपल्यासारखा शहाणा होईल. ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे तीही काकुळतीने म्हणते, माझ्यासाठी एवढं कर.

त्या गावात दुष्ट कुणीच नाही. सगळ्यांना त्याचं भलंच करायचं आहे. गोष्टीतलं सगळ्यात भयंकर काय असेल, तर ते हेच. अडचण गुणदोषांवर ठरत नाही, ती ठरते गाव कुणाच्या सोयीने बांधलं आहे यावर.

वेल्स यांनी कल्पनेने लिहिलं, त्याची उलटी बाजू पाहायची तर बंगळूरहून फार लांब जायला नको. उत्तरेला गौरीबिदनूर तालुक्यात अलीपूर नावाचं गाव आहे. तिथे बधिर माणसांचं प्रमाण पुष्कळ आणि गावाची स्वतःची अशी एक खुणांची भाषा आहे. स्वतः बधिर असलेले भाषाशास्त्रज्ञ शिबाजी पंडा यांनी तिचा अभ्यास करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. ही भाषा बधिरांबरोबर ऐकू येणारी माणसंही वापरतात. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर एकोणिसाव्या शतकात असंच होतं. नोरा ग्रोस यांनी १९८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या बेटावरच्या म्हाताऱ्यांना ‘तो बधिर होता ना?’ असं विचारलं, तर आधी आठवावं लागे, कारण कोळी म्हणून, शेतकरी म्हणून तो त्यांच्या लक्षात होता. गावालाच दोन भाषा येत होत्या.

दोन्ही द्या

मग यंत्रं नकोत का? श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट हे सगळं फेकून द्यायचं का? मुळीच नाही. जन्मल्यावर लवकरात लवकर बाळाची श्रवणतपासणी व्हावी, यंत्राने फायदा होणार असेल तर ते वेळेवर मिळावं. केंद्र सरकारच्या योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मोफतही मिळतं. म्हैसूरला १९६५ सालापासून वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ साली सुरू झाली. तिथे तज्ज्ञ आहेत, त्यांचा सल्ला घ्यावा.

तक्रार आहे ती ‘हे किंवा ते’ या अटीची. ‘घरात खुणा केल्यात तर मूल बोलणार नाही’ अशी ताकीद आजही आईबापांना मिळते. खुणा शिकल्याने बोलणं मागे पडतं, असं दाखवणारा भक्कम पुरावा मिळालेला नाही. यंत्र बसेपर्यंत, त्याची सवय होईपर्यंत महिने-वर्षं जातात. ते सगळ्या मुलांना सारखं लागू पडतही नाही. भाषा रुजायची खरी वर्षं मात्र पहिली चार-पाच. ती नुसती वाट पाहण्यात गेली, तर पुढे कुठलीच भाषा धड होत नाही. चिकपेटेतल्या दुकानदाराचं पोर मराठी न सोडता कन्नड शिकतं आणि दोन्हींत हुशार होतं. मग बधिर मुलालाच एक भाषा मिळवण्यासाठी दुसरी गहाण का टाकायला लावायची?

जग हळूहळू शहाणं होत आहे. ज्या परिषदेने मिलानचा ठराव केला, तिच्याच परंपरेतल्या व्हँकुव्हरच्या अधिवेशनात २०१० साली त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त झाला. त्याला एकशे तीस वर्षं लागली! आपल्याकडे २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं. २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश आला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयात ही भाषा विषय म्हणून शिकता येऊ लागली. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अडचण असलेले पन्नास लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ही भाषा अजून नाही आणि ती येणारे शिक्षक मोजकेच आहेत.

शेवटी एक सिनेमा. गुलजार यांचा ‘कोशिश’, १९७२ सालचा. संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी साकारलेलं बधिर जोडपं. बाळ झाल्यावर ते त्याच्यासमोर खुळखुळा हलवतात. बाळ वळून बघत नाही. आपल्यासारखंच हेही बधिर, या भीतीने दोघं डॉक्टरकडे धावतात. तिथे कळतं, की बाळ ठीक आहे, खुळखुळाच वाजत नाही! आपण या प्रसंगाला हसतो आणि रडतोही. प्रतिसाद मिळाला नाही की आपण मुलात खोट शोधतो, हातातला खुळखुळा तपासून पाहत नाही. त्यांनी तो तपासायला नेला तरी.

तुमच्या घरात, सोसायटीत, नात्यात बधिर मूल असेल, तर त्याला भाषा यायची वाट पाहत बसू नका. तुम्ही शिकायला लागा. पाणी, भूक, दुखतंय, शाबास, का, कधी, आजी, पाऊस, ‘मी आलो’, ‘रागावलास?’ एवढ्या दहा खुणांनी सुरुवात होते. संशोधन केंद्राचा कोश चित्रफितींच्या रूपात मोबाइलवर मोफत बघता येतो. आजी-आजोबांनी तर जरूर शिकावं, कारण सगळ्यांत जास्त वेळ त्यांच्यापाशी असतो आणि गोष्टींचा साठाही. आणि मुलाला मोठ्या बधिर माणसांत न्या. नोकरी करणारे, संसार थाटलेले, हसणारे-भांडणारे बधिर काका-मावश्या त्याने बघायला हव्यात. नाही तर मोठं झाल्यावर आपण कसे दिसू, हे त्याला कळणार कुठून? पद्मिनीच्या मुलाला हसू फुटलं ते बोलणारा घोडा भेटला तेव्हा, हे विसरू नका.

उद्या जेवताना सगळे एखाद्या विनोदावर हसतील आणि ते मूल ‘काय झालं?’ म्हणून बघेल, तेव्हा ‘नंतर सांगते’ म्हणू नका. घास बाजूला ठेवा आणि जमेल तसा, चुकतमाकत, हातांनी तो विनोद त्याला सांगा. तोही हसू दे.